दुसरा डीएनएस म्हणजे राखीव डीएनएस नव्हे

या वेळी छोट्या कार्यालयांतल्या डीएनएसबद्दलचे, म्हणजे नावावरून संगणकाचा आकडी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेबद्दलचे, चार प्रश्न घेतले आहेत. आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत; टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, इथल्याच चिन्हांसह लिहाव्यात.

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात बारा संगणक आणि डोमेन चालवणारा एक विंडोज सर्व्हर आहे. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१०, राउटरचा १९२.१६८.१.१. सकाळी काही संगणकांवर लॉगिनला आठ-दहा मिनिटं लागतात, दुपारी मधेच सामायिक फोल्डर सापडत नाही. इंटरनेट मात्र सगळ्यांचं उत्तम चालतं. रीस्टार्ट केलं की काही वेळ बरं असतं. प्रत्येक संगणकावर पहिला डीएनएस आमच्या सर्व्हरचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ असा भरला आहे. (सांगली)

दोष तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. हा दुसरा पत्ता बहुतेक ठिकाणी ‘सर्व्हर बंद पडला तर असू दे’ म्हणून भरला जातो. हेतू चांगला, पण विंडोज ही यादी तशी वापरत नाही.

संगणक आधी पहिल्या डीएनएसला विचारतो. साधारण सेकंदभरात उत्तर आलं नाही की पुढच्याला विचारतो, आणि त्याने उत्तर दिलं की काही काळ त्यालाच आधी विचारत राहतो. बॅकअप किंवा अपडेट चालू असताना तुमचा सर्व्हर क्षणभर अडखळला, एवढं निमित्त पुरतं. आता संगणक ८.८.८.८ ला विचारतो की तुमच्या डोमेनचा कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कुठे आहे. त्याला तुमचं अंतर्गत नाव ठाऊक असण्याचं कारणच नाही. तो उत्तर देतो, ‘असं नाव अस्तित्वात नाही.’ इथेच मेख आहे. ‘नाव नाही’ हे डीएनएसच्या लेखी पूर्ण, वैध उत्तर आहे. ते मिळाल्यावर संगणक परत तुमच्या सर्व्हरकडे जाऊन खात्री करत नाही. लॉगिन रखडतं, फोल्डर हरवतं, आणि गूगलला बाहेरची सगळी नावं माहीत असल्याने इंटरनेट झकास चालतं. रीस्टार्टनंतर यादी पुन्हा वरून सुरू होते, म्हणून काही वेळ बरं वाटतं.

पुढच्या वेळी अडचण आली की रीस्टार्ट करू नका, पुरावा जातो. त्याच संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवून डीएनएस सर्व्हर्सची ओळ वाचा. मग ही आज्ञा दोनदा द्या, एकदा शेवटी १९२.१६८.१.१० आणि एकदा ८.८.८.८ लिहून (‘ऑफिस.लोकल’च्या जागी तुमचं डोमेन) :

एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.ऑफिस.लोकल. १९२.१६८.१.१०

नावाच्या शेवटचा टिंब गाळू नका. तो नसेल तर एनएसलुकअप नावाला स्वतःहून डोमेन जोडून पाहतो आणि उत्तर गोंधळात टाकतं. पहिल्या वेळी पोर्ट ३८९ आणि तुमच्या सर्व्हरचं नाव दिसायला हवं, दुसऱ्या वेळी ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’. वरच्या ओळीत ‘सर्व्हर : अननोन’ आलं तर घाबरू नका. पत्त्यावरून नाव शोधण्याचा उलटा झोन (नोंदींची यादी) बनवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक : एनएसलुकअप संगणकाची स्वतःची कॅश (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) आणि होस्ट्स फाइल (संगणकावरचीच नाव-पत्त्यांची यादी) पाहत नाही. तो बरोबर उत्तर देतो आणि पिंग चुकीच्या पत्त्यावर जातं, असं झालं तर होस्ट्स फाइल उघडा. कुणीतरी कधीकाळी हाताने लिहिलेली ओळ तिथे हमखास सापडते.

आता दुरुस्ती. राउटरमधलं डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) बंद करून ते सर्व्हरवर घ्या. डोमेनमध्ये हा डीएचसीपी ‘ऑथराइझ’ करावा लागतो, नाहीतर तो पत्ते वाटतच नाही. पर्याय ००३ मध्ये राउटर १९२.१६८.१.१, ००६ मध्ये फक्त १९२.१६८.१.१०, ०१५ मध्ये डोमेनचं नाव. राउटरचं डीएचसीपी ठेवायचंच असेल तर त्याच्या पानावर डीएनएसच्या जागी सर्व्हरचा पत्ता लिहा आणि दुसरा रकाना रिकामा सोडा; काही राउटर रिकाम्या रकान्यात स्वतःचा पत्ता घुसवतात, तेव्हा नंतर तपासा. दोन्हीकडे एकाच वेळी डीएचसीपी चालू नको. हाताने पत्ते भरलेल्या संगणकांवर ‘एनसीपीए.सीपीएल’ उघडून दुसरा डीएनएस पुसा. बाकीच्यांवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’, ‘/रिन्यू’, ‘/फ्लशडीएनएस’ या क्रमाने.

८.८.८.८ ची खरी जागा सर्व्हरवर आहे. डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फॉरवर्डर्स (बाहेरची नावं ज्यांना विचारायची ते डीएनएस). तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ दोन्ही लिहा. सर्व्हरच्या लॅनकार्डावर मात्र डीएनएस म्हणून त्याचा स्वतःचाच पत्ता हवा. तिथेही बऱ्याचदा बाहेरचा पत्ता भरलेला असतो, आणि मग सर्व्हर आपल्या नोंदी स्वतःकडे नोंदवायला विसरतो. तो काढल्यावर सर्व्हरवर ‘आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस’ द्या, नेटलॉगॉन सेवा रीस्टार्ट करा आणि ‘डीसीडायग /टेस्ट:डीएनएस’ चालवा.

एवढं करूनही एखादा संगणक अडला तर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’मध्ये एफई८० ने सुरू होणारा डीएनएस दिसतो का पाहा. तो राउटर आहे. आयपीव्ही६ वरून तो स्वतःची डीएनएस म्हणून जाहिरात करतो. ही जाहिरात राउटरमध्ये बंद करा. सर्व्हरचं आयपीव्ही६ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. सर्व्हरला दोन लॅन पोर्ट असतील तर डीएनएस झोनमध्ये त्याच्या नावापुढे १६९.२५४ ने सुरू होणारी नोंदही शोधा. सापडली तर ती पुसा आणि न वापरलेला पोर्ट डिसेबल करा, नाहीतर ती पुन्हा उगवेल.

यानंतर सर्व्हर बंद तर सगळ्यांचं इंटरनेटही बंद, हे खरं. त्यावर उपाय डीएनएससह दुसरा डोमेन कंट्रोलर. त्याचा पत्ता मात्र दुसरा डीएनएस म्हणून निर्धास्त भरावा, कारण दोघांकडे तीच माहिती असते.

प्रश्न : छोट्या पीसीवर उबंटू आणि बाइंड (डीएनएस चालवणारा प्रोग्रॅम) टाकून आमच्या कार्यालयाचा डीएनएस चालतो. परवा रात्रभर वीज गेली. सकाळपासून एकही संकेतस्थळ उघडत नाही. ८.८.८.८ ला पिंग जातं. कॉन्फिगरेशनला कुणी हात लावलेला नाही. (रत्नागिरी)

त्या पीसीवर ‘डेट’ टाइप करा. तारीख काही वर्षं मागची असेल तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आहे.

घड्याळाचा डीएनएसशी संबंध असा. बाइंड उत्तरांवरच्या डीएनएससेक सह्या (उत्तर खरं असल्याची खूण) तपासतो आणि प्रत्येक सहीला ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत’ अशी मुदत असते. सर्व्हरचं घड्याळ मागे असेल तर सगळ्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटतात आणि तो त्या फेटाळतो. रूट झोनवर (डीएनएसच्या सगळ्यांत वरच्या पातळीवर) २०१० पासून सही आहे, म्हणून स्वतः सही न केलेली संकेतस्थळंही अडतात. ‘याच्यावर सही नाही’ हे सांगणारं उत्तरदेखील वरच्या झोनने सही केलेलं असतं. आणि घड्याळ आपोआप सुधारत नाही, कारण वेळ देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता शोधायलाही डीएनएस लागतो.

खात्री करायला ‘डिग’ने कुठलंही नाव विचारा : उत्तरात ‘सर्व्हफेल’ येईल. तीच आज्ञा ‘+सीडी’ जोडून द्या, म्हणजे सही न तपासता. आता पत्ता आला तर निदान पक्कं.

‘सुडो डेट -एस’ पुढे अवतरणात आजची तारीख-वेळ लिहा, ‘सुडो आरएनडीसी फ्लश’ने कॅश रिकामी करा. मग पीसी बंद करून, वायर काढून सेल बदला; ३ व्होल्टचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पीसी सुरू झाल्यावर तारीख-वेळ पुन्हा लिहा आणि ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’ने ती हार्डवेअर घड्याळात उतरवा. पुन्हा अडकू नये म्हणून क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगरेशनमध्ये नावाऐवजी आकडी पत्त्याचा एक वेळ-सर्व्हर ठेवा (तुमचा राउटर वेळ देत असेल तर त्याचाच) आणि ‘मेकस्टेप १ ३’ ही ओळ आहे ना ते पाहा. ती असेल तर क्रोनी सुरुवातीच्या तीन अद्यतनांत मोठा फरक एका उडीत भरून काढतो. ‘डीएनएससेक-व्हॅलिडेशन नो’ लिहूनही संकेतस्थळं उघडतील, पण खोटी उत्तरं ओळखायची सोय त्याबरोबर जाईल. सेल बदला.

प्रश्न : आमच्या कंपनीचं संकेतस्थळ मोबाइलच्या डेटावर उघडतं, कार्यालयात उघडत नाही. विंडोज डोमेनचं नाव आणि संकेतस्थळाचं नाव एकच आहे. (पणजी)

तुमचा सर्व्हर स्वतःला त्या नावाचा मालक समजतो. त्याच्या झोनमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ ही नोंद नाही, म्हणून तो ‘नाही’ म्हणतो आणि बाहेर विचारत नाही. झोनमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नावाची ए नोंद (नावापुढे पत्ता देणारी) करून होस्टिंगवाल्याने दिलेला पत्ता भरा. त्याने पत्त्याऐवजी नाव दिलं असेल तर सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) करा. मेल किंवा इतर उपनावं बाहेर असतील तर त्यांच्याही नोंदी लागतील. होस्टिंग बदललं की या नोंदी हातानेच बदलायच्या आहेत, हे सर्व्हरवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’शिवायचं उघडं नाव मात्र डोमेन कंट्रोलरसाठीच राहू द्या. ते संकेतस्थळाकडे वळवलं की लॉगिनच मोडतं.

प्रश्न : बाइंडच्या झोन फाइलमध्ये नवा प्रिंटर घातला. ‘प्रिंटर१’ सीनेम ‘लेझर.ऑफिस.इंटर्नल’. रीलोड केलं, चूक दाखवत नाही, पण नाव लागत नाही. (चाकण)

‘इंटर्नल’च्या पुढे टिंब नाही. टिंब नसलेल्या नावाला बाइंड झोनचं नाव जोडतो, म्हणजे ‘प्रिंटर१’ हे नाव आता ‘लेझर.ऑफिस.इंटर्नल.ऑफिस.इंटर्नल’कडे बोट दाखवतं आहे. नियमांच्या दृष्टीने ही चूक नाहीच, म्हणून रीलोड गप्प राहतं. ‘नेम्ड-चेकझोन -डी ऑफिस.इंटर्नल’ (इथे डी कॅपिटल) आणि पुढे फाइलचं नाव अशी आज्ञा दिली की पूर्ण झालेली नावं दिसतात. डोमेन दोनदा आलेली ओळ लगेच डोळ्यांत भरते.

टिंब दिलात की एसओएमधला (झोनच्या मुख्य नोंदीतला) अनुक्रमांक वाढवा (२०२५०११००१ असेल तर २०२५०११००२), नाहीतर दुय्यम सर्व्हर नवी फाइल उचलणार नाही. आणि एसओएतला शेवटचा आकडा पाहा. ‘हे नाव नाही’ असं उत्तर इतरांनी जास्तीत जास्त किती सेकंद लक्षात ठेवावं, ते त्यावर ठरतं. तिथे ८६४०० असेल तर आधी ‘नाही’ ऐकलेली कॅश दिवसभर तेच सांगू शकते. कार्यालयासाठी ३०० पुरे.