आधी पोट तपासून घ्या, कॅप्सूल नंतर

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. चार-चार दिवस शी होत नाही, मग मध्येच चड्डीला पातळ लागतं. रात्री उठून बसतो, सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथा पडतो. डॉक्टर म्हणाले, "ही मुलं अशीच असतात." ओळखीच्या एका आईने पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल सुचवल्यात. पोट सुधारेल, बोलायलाही लागेल म्हणते. घरचे म्हणतात, देऊन बघायला काय हरकत आहे? देऊ का?
– एक आई

उत्तर: आत्ता देऊ नका. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, "अशीच असतात" हे ऐकून गप्प बसू नका. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही, ते मूल सोफ्याच्या हातावर पोट दाबूनच सांगणार ना! झोपमोड, अचानक स्वतःला मारून घेणं, यामागेही पोटदुखी असू शकते. ऑटिझम असलेल्या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा बऱ्याच जास्त आढळतात. त्यांची तपासणी इतर कुठल्याही मुलाइतकीच नीट व्हायला हवी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय.

चड्डीला लागणारं पातळ म्हणजे जुलाब असं लगेच धरू नका. मोठ्या आतड्यात घट्ट मळ साचून राहतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत राहतं, असं बद्धकोष्ठात होतं. तुमच्या वर्णनावरून मला तीच शंका येते. खात्री मात्र पोट तपासूनच होईल. आणि तसं असेल तर एन्झाइमचा उपयोग काय? ते अन्नातली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पिष्ट यांचं विघटन करतात. साचलेला मळ मऊ करणं हे त्यांचं काम नव्हे. दुधातली साखर पचत नसेल किंवा स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असतील तर एन्झाइम जरूर देतात, पण तपासून, मोजून.

बोलण्याच्या आशेबद्दल सांगताना मलाही जड जातंय. १९९८ मध्ये स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावणाऱ्या सिक्रेटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनने ऑटिझम असलेली तीन मुलं सुधारल्याचं प्रसिद्ध झालं आणि आईबाप अक्षरशः धावले. पुढच्याच वर्षी पडताळणी झाली, तेव्हा ते इंजेक्शन आणि नुसतं मिठाचं पाणी यांत फरक दिसला नाही. एन्झाइमवरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत, निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. तेवढ्यावर मुलाचं बोलणं टांगून ठेवू नये.

सोफ्यावर पालथा पडतो तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढा. शी कधी झाली, कशी होती, झोप कशी लागली, हे दोन आठवडे लिहा आणि दोन्ही घेऊन मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जा. शीतून रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून टणक होणं, वजन घटणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र दोन आठवडे थांबू नका, लगेच दाखवा.

जेवणानंतर त्याला कमोडवर बसवा, पाय लोंबकळू देऊ नका, खाली स्टूल ठेवा. मळ मऊ करणारं औषध सुरू झालं तर दोन दिवस शी नीट झाली म्हणून बंद करू नका. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. औषध किती दिवस द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

घरच्यांना सांगा, हरकत आहे. प्रथिनं फोडणाऱ्या एन्झाइमची पूड तोंडात राहिली तर आग होते, आणि याला ते सांगताही येणार नाही. सगळं तपासूनही द्यायचं ठरलंच, तर डॉक्टरांना सांगून द्या आणि त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.