सिम्युलेटरमधील इंधनटाक्यांची परीक्षा

प्रश्न : घरच्या संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मी सेसना १७२ एस उडवतो. त्यातील इंधनटाक्या खऱ्या विमानाप्रमाणे वागतात की नाही, हे कसे तपासावे?

उत्तर : या विमानाच्या दोन्ही पंखांत प्रत्येकी २८ गॅलनची टाकी असते आणि पंख वरच्या बाजूस असल्याने इंधन गुरुत्वाकर्षणानेच खाली उतरते. डाव्या टाकीत २० आणि उजव्या टाकीत ५ गॅलन भरून, ऑटोपायलट बंद ठेवून सरळ उडावे. गॅलनमागे ६ पौंड धरल्यास डावी बाजू ९० पौंडांनी जड होते, त्यामुळे हात सोडताच विमान डावीकडे कलू लागले पाहिजे. ते ढिम्म राहिले, तर इंधनाचे वजन पंखांत न धरता मध्यभागीच धरले आहे, असा संशय घ्यावा.

पुढे फ्युएल सिलेक्टर, म्हणजे इंजिनाला कोणत्या टाकीतून इंधन द्यायचे हे ठरवणारी कळ, ‘लेफ्ट’वर ठेवल्यास केवळ डाव्या टाकीचा इंधनकाटा उतरायला हवा. ‘बोथ’वर मात्र दोन्ही काटे अगदी जोडीने उतरत असतील, तर हुरळून जाऊ नये, कारण प्रत्यक्षात दोन टाक्यांतील उपसा सहसा इतका नीटनेटका नसतो.

एकूण ५६ पैकी ५३ गॅलनच वापरण्याजोगे मानले जातात. पण हा आकडा प्रतिकूल स्थिती गृहीत धरून ठरवलेला असल्याने, सरळ उड्डाणात इंजिन त्यापुढेही थोडे चालले म्हणून तो दोष ठरत नाही. खरी कसोटी वेगळी आहे : टाकी पावभाग किंवा त्याहून कमी भरलेली असताना विमान बराच वेळ तिरके घसरवल्यास इंधन एका बाजूला सरकून टाकीचे निर्गमद्वार उघडे पडू शकते आणि इंजिन अडखळते. बहुतेक साध्या प्रारूपांचे पितळ इथेच उघडे पडते.