घरातल्या काहींना गाडी चार दिवसांत येते, काहींना महिना झाला तरी नाही. ड्रायव्हिंग उपजत असतं का?

तुम्ही लिहिलंय की मेहुणा चार दिवसांत शिकला आणि बायकोची गाडी महिन्यानंतरही चौकात बंद पडते. मेहुण्याला एकदा विचारा, याआधी काय काय चालवलंय. बहुधा गावचा ट्रॅक्टर निघेल.

मी आईबाबांना शिकवलं, आमच्या जुन्या ऑल्टोवर. बाबांनी बावीस वर्षं चेतक स्कूटर चालवलेली, आईला साधी सायकल येत नव्हती. त्यामुळे कोण पटकन शिकणार हे घरात ठरूनच गेलं होतं. पहिल्या दिवशी मैदानावर बाबांनी गिअरचा दांडा मुठीत धरला आणि चक्क पिळला! चेतकचा क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत असायचे. त्यामुळे हात क्लच शोधत राहायचा, डावा पाय स्वस्थ, आणि गाडी आचका देऊन बंद.

आई तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेली. मोटर लावलेलं मशीन, पेडल किती दाबलं की सुई किती पळते हे पायाला पाठ. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून पाय तिथेच धरून ठेवणं, तिला समजवावाच लागला नाही. "अरे, कॉलर लावताना करते तसंच की हे," म्हणाली आणि अर्ध्या तासात गाडी मुंगीच्या पावलानं मैदानभर फिरवली.

रस्त्यावर आल्यावर मात्र पारडं फिरलं. कडेला उभ्या गाडीचं पुढचं चाक वळलेलं दिसलं की बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर. आईची नजर बॉनेटच्या पुढे जाईना. डाव्या बाजूचा अंदाज तर शून्य. फाटकाच्या खांबाला आरसा घासलाच. शेवटी मैदानात एक वीट ठेवली आणि तिच्या शेजारून डावं चाक न्यायला सांगितलं. दरवेळी खाली उतरून किती अंतर राहिलं ते बघायचं. तीन संध्याकाळी गेल्या त्यात.

उपजत काहीच नसतं असं नाही. माझी भाची पहिल्याच आठवड्यात एका झटक्यात रिव्हर्स पार्किंग करायला लागली. मला अजूनही दोनदा पुढेमागे करावं लागतं. पण गाडी चौकात बंद पडणं हा त्यातला प्रकार नाही, तिथे पायाला सवय नसते एवढंच.

बायकोला सपाट मैदानात फक्त क्लचवर गाडी हलवायला लावा, ऍक्सिलरेटर अजिबात नाही. पंधरा मिनिटं पुरे. ते जमलं की मग चढ. आम्ही साताऱ्यातला समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणारा चढ धरला होता, पहाटे, रस्ता रिकामा असताना. तिथे हँडब्रेकवर गाडी उभी करायची, क्लच हळूहळू सोडायचा, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की मगच हँडब्रेक खाली.

तुमची गाडी बटणाच्या हँडब्रेकची असेल तर सुरुवातीचे दिवस ड्रायव्हिंग स्कूललाच पाठवा. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत तुमच्या हातात फक्त हँडब्रेकचा तो मधला दांडा, बटणवाल्या गाडीत तर तोही नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते, म्हणजे घाई कसलीच नाही. पांढऱ्यावर लाल एल मात्र पुढे-मागे लावा.

आणि "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडू नका. मी ओरडलो की आई दचकून दोन्ही पाय उचलायची.