अरुंद पावलांसाठी आइस क्लाइंबिंगचे बूट

स्पितीला बर्फावर चढायला जाणार आहेस, तर बुटांचं आधी बघ. तुझी पावलं अरुंद आहेत, म्हणून टाच हीच खरी परीक्षा. क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याच्या, पुढच्या दातांवर उभं राहिलं की सगळा भार बोटांखाली येतो आणि टाच बुटात वर सरकते. तेवढ्याने पोटऱ्या भरून येतात, फोड उठतात, पाय कुठे रोवलाय याचा भरवसाच राहत नाही. रुंद बूट लहान नंबरचा घेऊन हे सुटत नाही. मग बोटं पुढे आपटतात, रक्त नीट फिरत नाही आणि हिमदंशाचा धोका वाढतो.

घ्यायचे ते कडक तळव्याचे, पुढे-मागे क्रॅम्पॉनसाठी खाच असलेलेच. चढताना घालशील तेच मोजे घालून संध्याकाळी बघ. नाडी घट्ट बांध, पायरीच्या कडेवर फक्त चवड्यांवर उभं राहा, मग पायरीला लाथ मार. टाच उचलता कामा नये, बोटं पुढे टेकता कामा नयेत. किंचित सैल वाटलं तर जाड इनसोल घालून बघ, पण फार सैल असेल तर तो बूट सोड. मुंबईच्या उकाड्यात पाय सुजलेले असतात, थंडीत तोच बूट आणखी सैल वाटेल, हे धरून चाल.

जुने बूट स्वस्तात मिळाले तर जास्तच जपून. तळव्यातला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, मधला थर दमट हवेत न वापरताही कुजतो; आपल्याकडच्या पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा तळवा बर्फाच्या भिंतीवर चढताना निघून आला तर काय करशील? तळव्याचा मधला थर दाबून, कडेने भेगा बघूनच पैसे दे.