वाण की गुण? पात्र लिहिणाऱ्यास पत्र

चि. नवलेखकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कथा दोनदा वाचली. गिरणगावातली दहा बाय बाराची खोली, १९८२ चा गिरणी कामगारांचा संप, चौदा वर्षांचा थोरला, चार वर्षांचा धाकटा. ऐवज पक्का आहे. गाडी अडते ती पहिल्या दीड पानातच. थोरला हिशेबी का, तर "आईवर गेला". धाकटा उधळ्या का, तर "बापावर गेला". पुढे संपाच्या दिवसांवर दोन परिच्छेद येतात आणि तिथे थोरला "लहानपणी सोसलेल्या हालांमुळे" चिक्कू झाला असंही म्हटलं आहेस. वाचणाऱ्यानं काय धरायचं, रक्त की हाल? आणि हाल तर धाकट्यानंही सोसले. तो का नाही झाला चिक्कू?

आपल्या भाषेनं या वादात दोन्हीकडून साक्ष दिली आहे. "खाण तशी माती" म्हणणारेही आपणच आणि "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" म्हणणारेही आपणच. दुसरी म्हण जास्त बारकाईनं केलेली आहे. बैलाचा रंग तोच राहिला, खोड मात्र शेजाऱ्याची लागली. वाण वेगळा, गुण वेगळा. पात्र लिहिताना एवढी फोड जमली तरी अर्धं काम होतं.

ती करायची कशी, ते सांगतो. राग सगळ्यांना येतो. किती चटकन येतो, केवढा येतो, किती वेळ टिकतो, हे बरंचसं जन्माबरोबर आलेलं असतं. तो कोणावर काढायचा, कोणासमोर गिळायचा, ताट आपटायचं की न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपायचं, हे घर शिकवतं. व्याकरणाच्या भाषेत बोलायचं तर स्वभाव क्रियाविशेषणात सापडतो आणि घडण कर्मात. क्रियापद त्या माणसाचं स्वतःचं.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ जोडप्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. मुलांत सुरुवातीपासून दिसणाऱ्या नऊ गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. चळवळेपणा, झोपेभुकेची नियमितता, नव्या माणसाकडे जाणं की मागे सरणं, बदलाशी जुळवून घेणं, प्रतिक्रियेचा जोर, मनाची एकूण छटा, लक्ष विचलित होणं, चिकाटी, आणि आवाज-स्पर्श-चवीला किती लवकर प्रतिक्रिया येते ते. यादीत "प्रामाणिक", "कंजूष", "दुष्ट", "दिलदार" असं काहीच नाही, हे ध्यानात घे. कंजूषपणा घेऊन कुणी जन्माला येत नाही. फार तर नव्या माणसासमोर मागे सरणं आणि धरलेलं न सोडणं घेऊन येतो. त्याचा कंजूषपणा व्हायला एक वाणी आणि एक उधारीची वही लागते.

त्या वहीचा प्रसंग चार ओळींत उरकला आहेस. तिथेच तर कथा आहे.

संपाचा सहावा महिना. आई थोरल्याच्या हातात पिशवी देते. दोन किलो तांदूळ, पावशेर तूरडाळ, शंभर ग्रॅम चहा, "मांडून ठेवा म्हणावं". मुलगा दुकानाशी पोचतो आणि गिऱ्हाईक ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो. पाहुणे आले की मोरीत जाऊन बसणारा मुलगा हा, बुजरा पहिल्यापासूनच. आज मात्र त्या उभं राहण्याला आणखी एक अर्थ आला आहे: वही उघडली की मागची बाकी चारचौघांत वाचली जाईल. बुजरेपणा त्याचा, लाज त्या घराची आणि त्या महिन्याची. म्हणून तो आकडा आधीच पाठ करून येतो, एकशे सत्तेचाळीस रुपये साठ पैसे. वाण्यानं पान उलटायच्या आत हळूच सांगून टाकायचा, म्हणजे मोठ्यानं वाचलं जात नाही. पुढे वीस वर्षांनी तो बसमध्ये कंडक्टरनं दिलेली मोड दोनदा मोजतो. बायको म्हणते, किती चिकटपणा. तो चार आण्यांसाठी मोजतच नाहीये, पण हे त्यालाही सांगता येणार नाही. सांगू देऊही नकोस.

आता त्याच दुकानातला धाकटा. आई त्याला मुद्दाम सोबत धाडते, कारण लहान पोराचं तोंड बघून वाणी नाही म्हणत नाही. हा जन्माचा मोकळा, अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसणारा. वाणी त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतो. पाच मिनिटांत एक भाऊ शिकतो की आकडा पाठ पाहिजे, दुसरा शिकतो की हसलं की मिळतं. उधळेपणाचं मूळ बापात शोधायची गरजच उरली नाही.

"एकाच घरात वाढलेले दोन भाऊ" हे वाक्य त्यामुळे काढून टाक. ते एका घरात वाढलेच नाहीत. थोरल्याचं घर भोंग्यावर चालणारं होतं: बाप गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, ठरल्या तारखेला पगार, पाळी बदलली की घराचं जेवण-झोप बदलणार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. धाकट्याला आठवतं ते दिवसभर खाटेवर बसलेल्या बापाचं घर. पत्ता तेवढा एक. वर्तन-अनुवंशशास्त्राचे, म्हणजे वागण्यात अनुवंशाचा वाटा किती ते तपासणारे, अभ्यासही हेच सुचवतात: एका छपराखाली वाढल्यानं भावंडं मोठेपणी स्वभावानं फारशी सारखी होत नाहीत, प्रत्येकाच्या वाट्याला जे वेगळं आलं त्याचा वाटा बराच मोठा. तेव्हा प्रत्येक भावंडासाठी वेगळा तक्ता कर. त्याच्या वयाच्या चौथ्या, आठव्या आणि चौदाव्या वर्षी घरात कमावतं कोण, आजारी कोण, कोण कोणाशी बोलत नव्हतं, एवढं लिहिलंस तरी पुरे.

आकडेवारीचं निघालंच आहे तर एक गैरसमज आत्ताच काढतो. जुळ्यांच्या पन्नास वर्षांतल्या २,७०० हून अधिक अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. तपासलेल्या सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली तर अनुवंशाचा वाटा ४९ टक्के निघाला. यावरून कोणी "माणूस अर्धा रक्ताचा, अर्धा संस्कारांचा" असं म्हणालं तर ऐकू नकोस. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, एका माणसाच्या वाटणीचा नाही. शेतात पीक बियाण्यानं किती आलं आणि पाण्यानं किती, याला काही अर्थ नाही. दोन शेतांतला फरक कशानं पडला, हे मात्र विचारता येतं. कथेतही प्रश्न तसाच विचार: हा असा का, यापेक्षा हा त्याच्यापेक्षा वेगळा का. दोन पात्रं शेजारी ठेवल्याशिवाय उत्तर हाती लागत नाही.

"संस्कार" हा शब्द तुझ्या कथेत अकरा वेळा आला आहे. अकराही काढ. त्या जागी घरात खरोखर बोललं गेलेलं वाक्य घाल. उदाहरणार्थ, "बाबा झोपलेत, भांडं वाजवू नका." रातपाळीच्या माणसाच्या घरात हे वाक्य रोजचं. पोरं दिवसा टाचा उचलून चालतात, पातेल्यावर झाकण ठेवताना बोट मध्ये धरतात. मग संप होतो, बाप दिवसा टक्क जागा असतो, तरी पोरं टाचा उचलूनच चालतात. कारण संपलं, नियम उरला. घडण कागदावर कशी दिसते याचा याहून चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही, आणि त्यात "संस्कार" हा शब्द कुठेच नाही.

थॉमस आणि चेस यांची आणखी एक गोष्ट कथाकाराच्या फार कामाची आहे. त्यांचं म्हणणं असं की मूल अवघड आहे की सोपं हे एकट्या मुलावर ठरत नाही, त्याचा आणि घराचा मेळ बसतो की नाही यावर ठरतं. बुजरं पोर शिंप्याच्या घरात जन्मलं तर दिवसभर मशिनीखाली बसून काजंबटणं करील, कुणाला काही खटकणार नाही. तेच पोर चहाच्या टपरीवाल्याच्या घरी जन्मलं तर "तोंड शिवलंय काय रे" ऐकतच मोठं होईल. वाण एकच, दोन कथा. त्यातली दुसरी लिहिण्यासारखी, कारण तिथे रोज घर्षण आहे.

यातूनच एक चाचणी निघते. दोन भावांचे जन्मजात गुण अदलाबदल करून बघ. चार वर्षांचा बुजरा मुलगा वाण्याकडून गोळी घेणार नाही, आईच्या पदरामागे लपेल. वाणी म्हणेल, पुढच्या वेळी रोख आणा. चौदाचा मोकळा मुलगा वाण्याशी गप्पा मारत पुड्या बांधायला बसेल आणि दिवाळीपर्यंत त्याची शाळा सुटेल. कथा पार बदलली ना? म्हणजे गुण काम करताहेत. अदलाबदल करूनही तेच प्रसंग, तेच संवाद, तोच शेवट राहत असेल तर ते गुण नुसते शोभेचे आहेत, खुशाल खोड.

आता माप. कथेतल्या एका पात्राला दोन जन्मजात गोष्टी, घरचे तीन नियम आणि त्याच्या वाट्याची एक घटना. कादंबरीत नियम सात-आठपर्यंत जाऊ देत, जन्मजात मात्र दोनच ठेव. तिसरी घातलीस की तुलाच आठवणार नाही आणि पात्र प्रसंगागणिक सोयीचं वागू लागेल. क्रमही पाळ: आधी वागणं, कारण निदान दोन प्रसंगांनंतर, शक्य असेल तर कधीच नाही. आधी कारण सांगितलं की वाचक पात्राकडे पाहायचं सोडून तुझा सिद्धांत तपासायला बसतो.

कारण न सांगण्याची ताकद बघायची असेल तर महाभारतातला कर्ण बघ. ब्राह्मण असल्याचं सांगून तो परशुरामाकडे अस्त्रविद्या शिकतो. गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेले असताना एक किडा मांडी पोखरतो. कर्ण हलत नाही. रक्ताच्या ओलाव्यानं परशुराम जागे होतात आणि म्हणतात, एवढी वेदना ब्राह्मण सोसणार नाही, तू कोण ते खरं सांग. परशुरामांनी वाण ओळखला असं आपण धरून चालतो. पण कर्ण सूताच्या घरी वाढलेला आहे, खोटं बोलून विद्या मिळवली आहे, गुरूची झोप मोडणं त्याला परवडणारं नाही. मांडी न हलवणं हे क्षत्रियाचं धैर्य की सूतपुत्राचा धाक? कृती एक, तिचे अर्थ दोन, आणि शाप देणारा त्यातला एकच वाचतो. तो प्रसंग "क्षत्रिय असल्यामुळे" या शब्दानं सुरू झाला असता तर आज कोणी सांगितलाही नसता.

याच वळणावर एक धोका आहे आणि त्याबाबतीत मी मुळीच मऊ बोलणार नाही. तुझ्या कथेत चाळीतल्या चोरीचा संशय एका पारधी पोरावर जातो आणि शेवटी चोर तोच निघतो, "रक्तातच होतं" या वाक्यासह. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून नेमकं हेच वाक्य कायद्यात बसवलं: जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार. पोलिसांत नोंद, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरातला एक भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो, तो अशा जमातींना ठेवलेल्या वसाहतीमुळे. या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. ज्या पोराच्या आजोबाला रोज हजेरी द्यावी लागत होती त्याला खाकी कपडा दिसला की पाय आपोआप मागे जातात. बघणाऱ्याला तो पळणारा चोर वाटतो. यात रक्ताचा संबंध नाही. घरात तीन पिढ्या पुरेल एवढी शिकवणी झाली आहे. लिहायचं तर ते मागे जाणारं पाऊल लिही. चोर कोण, ते पुन्हा ठरव.

पात्रानं तसं म्हणायला हरकत नाही, हे ओघानं सांगतो. चाळीतली एखादी काकू "जात जाते कुठं" म्हणेलच. म्हणू दे. कथानकानं तिची री ओढायची नाही, एवढंच.

एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकारानं १८७१ ते १८९३ या काळात एकाच घराण्यावर २० कादंबऱ्या लिहिल्या; दारू आणि वेड पिढ्यान्पिढ्या कसं उतरतं ते दाखवायला वंशवृक्षसुद्धा आखला. त्याचं अनुवंशाचं शास्त्र केव्हाच शिळं झालं. खाण कामगारांची भूक त्यानं जशी मांडली ती मात्र आजही अंगावर येते.

दुरुस्तीला बसशील तेव्हा आधी "म्हणून", "त्यामुळे", "लहानपणी", "रक्तातच" आणि "वर गेला" या शब्दांखाली रेघ ओढ. प्रत्येक रेघेपाशी तू वाचकाच्या हातातून पात्र काढून घेतलं आहेस. दहापैकी आठ वाक्यं गेली तरी कथा उभी राहील. उरलेली दोन पात्रांच्या तोंडी घाल, आणि शक्यतो चुकीच्या माणसाच्या तोंडी. बाप धाकट्याला म्हणू दे, "माझ्यावर गेलाय." त्याला तसं वाटणं साहजिक आहे, संपानंतर त्याच्याकडे द्यायला दुसरं काही उरलेलं नाही.

पुढचा खर्डा वाण्याच्या दुकानापासून सुरू करून पाठव.

तुझा शुभचिंतक

ता. क. धाकटा मोठेपणी हॉटेलात टीप ठेवतो त्या प्रसंगात थोरलाही टेबलाशी हवा. त्याला बोलू देऊ नकोस. वेटर गेल्यावर त्यानं बिल उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला बेरीज करावी.