पहिल्यांदा 11 जण आले, तिसऱ्यांदा दोघीच

"ताई, मी संभाजीनगरात पीएचडी करते, चित्रंही काढते. मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, म्हणजे लोकांशी वागणं-बोलणं, आवाज-उजेड मला वेगळ्या तऱ्हेनं जाणवतात. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) असलेल्या कलाकारांचा आणि संशोधकांचा गट काढला. पहिल्या भेटीला 11 जण आले, तिसऱ्या भेटीला मी आणि परभणीची एक मैत्रीण. आई म्हणते, तुला माणसंच कळत नाहीत. बंद करू का?"

अगं, नको बंद करू. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात माणसं नाही चुकलेली, भेट चुकलीय. तूच लिहिलंयस ना, संध्याकाळी सातला कॅफेत, मिक्सरची घरघर, वर गाणी, आणि आल्या आल्या प्रत्येकानं स्वतःबद्दल पाच मिनिटं बोलायचं. ज्यानं तुम्ही दिवसभर दमून जाता तेच आपल्या हक्काच्या जागी परत कशाला?

ओळखपरेड सोड, काम मधे ठेव. रविवारी सकाळी आठ ते दहा, दर वेळी तीच जागा. विद्यापीठामागच्या लेण्यांकडं गेलात तरी चालेल, पण एप्रिल-मेमधे नको, आपल्याकडं नऊलाच ऊन डोक्यात जातं, तेव्हा कुणाच्या तरी घरची खोली बघा. ज्याला चित्र काढायचंय त्यानं काढावं, जिचा थिसिसचा चॅप्टर अडलाय तिनं लॅपटॉप उघडावा, बाकी शांत. एडीएचडीवाल्या बऱ्याच जणांचं तर शेजारी कुणी काम करत बसलं की आपसूक सुरू होतं, त्याला बॉडी डबलिंग म्हणतात. कोण कोण येणार, बाथरूम कुठंय, कधी संपणार, हे आदल्या दिवशीच लिहून पाठवायचं. मधेच कुणी उठून गेलं तर का म्हणून विचारायचं नाही. आणि हिंगोली-बीडच्यांना दर रविवारी एसटीनं यायला लावू नको, ऑनलाइन येऊन, कॅमेरा बंद ठेवून नुसतं टाइप करणाराही हजरच धरायचा.

अमेरिकेत 1996 साली ऑटिस्टिक लोकांनीच ऑट्रीट नावाचं शिबिर सुरू केलं, तिथं रंगीत बिल्ले असायचे. लाल लावला की कुणीच बोलायला यायचं नाही, पिवळा लावला की फक्त ओळखीच्यांनी. कार्डशीटचे तुकडे आणि सेफ्टी पिना, झालं!

गटात येणाऱ्यांकडं दिव्यांग असल्याचं सर्टिफिकेट मात्र मागू नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे डिस्लेक्सियाही आला, पण एडीएचडीचं नाव नाहीये. आणि कित्येकांनी तर तपासणीच केलेली नसते. माझा धाकटा भाऊ वहीभर बैल काढायचा, अक्षरं उलटी लिहायचा, मास्तर छड्या मारायचे, कागद वगैरे कुठला आणणार तो? तुला स्वतःला मात्र तो कायदा वापरता येतो, गरजेप्रमाणे सोय मागायचा हक्क त्यात आहे, तेव्हा गाइडना सांग की सूचना तोंडी नको, मेलवर द्या.

आता आई. डेमियन मिल्टन नावाचे संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी 2012 मधे मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तसं इतरांनाही त्याचं कळत नाही. आईशी यावरून वाद नको घालू, एका रविवारी चहा घेऊन ये म्हण, बसू दे तिला तासभर, बघू दे तू किती निवांत असतेस ते.

आणि परभणीची ती पोरगी तिसऱ्यांदा पण आली गं, एवढा प्रवास करून! तिला आजच मेसेज टाक, कॅफेत काय काय सहन झालं नाही ते विचार, आणि पुढच्या रविवारची जागा तिलाच ठरवू दे.