क्लासिकल ख्रिस्ती शाळेतल्या मुलीचा अभ्यास लॅटिन न येणाऱ्या पालकांनी घरी कसा घ्यावा?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: मुलगी टेक्ससमध्ये क्लासिकल ख्रिस्ती शाळेत, म्हणजे लॅटिन, पाठांतर आणि बायबल यांवर भर देणाऱ्या शाळेत, यंदा तिसरीत गेली आहे, शाळा आठवड्यातून तीनच दिवस भरते, उरलेल्या दोन दिवसांचे धडे शाळा लिहून देते आणि ते पालकांनी घरी करून घ्यायचे असतात, तुम्हा दोघांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, लॅटिनचा गंध नाही, आणि आपल्या हातून मदतीपेक्षा नुकसानच जास्त होईल अशी भीती वाटते. हीच भीती काही वर्षांपूर्वी मलाही होती. माझी मुलगी अशाच एका शाळेत आता सातवीत आहे आणि मुलगा तिसरीत. पत्नी रुग्णालयात पाळीने काम करते, त्यामुळे घरचे दोन्ही दिवस बहुतेक माझ्याच वाट्याला येतात. अनुभवावरून इतके सांगतो की या वयात घरी शिकवण्याचे काम फार थोडे असते आणि ऐकून घेण्याचे काम पुष्कळ असते. माझ्याकडून जे बिघडले, ते बहुतेक वेळा मी ऐकायचे सोडून शिकवायला बसलो म्हणूनच बिघडले.

या शाळा इतके पाठांतर का करून घेतात, हे आधी समजून घेतलेले बरे, कारण आपल्या पिढीच्या मनात ‘घोकंपट्टी’ या शब्दाविषयी अढी बसलेली आहे. इंग्लंडमधल्या लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ट्रिव्हियम या मध्ययुगीन अभ्यासक्रमाचे तीन भाग, म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व, मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडले. पहिल्या टप्प्यातल्या मुलांना त्यांनी चक्क पोपटाची उपमा दिली. आपल्याकडे पोपटपंची हा दोष समजला जातो. बाईंचे म्हणणे असे की या वयात मुलांना अर्थ पुरता कळो वा न कळो, ताल धरून म्हणण्यात खरा आनंद मिळतो, तर त्या आनंदाचा उपयोग करून घ्यावा. आयडाहोतल्या मॉस्को गावी 1981 मध्ये लोगोस स्कूल सुरू झाले आणि त्या नमुन्यावर पुढे अमेरिकेत अनेक शाळा निघाल्या. तुमच्या मुलीच्या शाळेसारखी तीन दिवस शाळा व दोन दिवस घर ही विभागणी 1990 च्या दशकात टेक्ससमध्येच, अर्लिंग्टन येथे रुजली. तिथे पालकाला सहशिक्षक म्हणतात. त्या भारदस्त शब्दाने घाबरून जाऊ नका.

आता लॅटिन. तुम्ही ज्याला अडचण समजता तेच तुमचे भांडवल आहे, असे मी म्हणालो तर ती समजूत काढण्यासाठी केलेली भलामण वाटेल, म्हणून उदाहरणच देतो. तिसरीच्या वर्गात मुले जे पहिले कोष्टक तालावर म्हणतात ते असे असते: पुएल्ला, पुएल्ले, पुएल्ले, पुएल्लाम, पुएल्ला. पुएल्ला म्हणजे मुलगी. हे कोष्टक मुलीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होतो, आणि लाटणे हातातच राहिले, कारण शाळेत आम्ही ‘रामः रामौ रामाः’ अगदी याच ठेक्यात म्हणत होतो. तो विभक्तीचा तक्ताच होता, फक्त क्रम वेगळा: प्रथमा, मग षष्ठी, मग चतुर्थी, मग द्वितीया, आणि शेवटी जी पाचवी येते तिच्यावर आपल्या तृतीयेचे आणि पंचमीचे काम एकत्र सोपवलेले असते. मी कागदावर शेजारी लिहून दिले: मुलगी, मुलीचे, मुलीला, मुलीला, मुलीने किंवा मुलीपासून. मुलीने ते दोनदा वाचले आणि विचारले, “म्हणजे आपण घरी रोज हेच बोलतो?”

इंग्रजीच बोलणाऱ्या घरातल्या मुलांना इथे खरोखर ठेच लागते. ‘पुएल्ला अग्रिकोलाम वोकात’ म्हणजे मुलगी शेतकऱ्याला हाक मारते. ‘पुएल्लाम अग्रिकोला वोकात’ म्हणजे मुलीला शेतकरी हाक मारतो. शब्द त्याच जागी आहेत, फक्त एक ‘म’ इकडून तिकडे गेला आणि हाक मारणारा बदलला. इंग्रजीत कोण कोणाला हाक मारतो हे शब्दांच्या जागेवरून ठरते, म्हणून त्या मुलांना शेवटच्या अक्षराकडे बघण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. तुमची मुलगी घरात ‘शेतकऱ्याला मुलगी हाक मारते’ आणि ‘मुलगी शेतकऱ्याला हाक मारते’ ही दोन्ही वाक्ये न अडखळता समजत आली आहे. लिंगाचेही तेच. लॅटिनमध्ये पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत, आणि टेबलाला ‘ते’ का म्हणायचे आणि तितक्याच निर्जीव खुर्चीला ‘ती’ का म्हणायचे, हा प्रश्न तो-ती-ते घेऊन वाढलेल्या मुलीला पडतच नाही. अग्रिकोला हा शब्द ‘आ’कारान्त असूनही पुल्लिंगी आहे, वर्गात त्याचे मोठे नवल करतात, आपल्याकडे घोडा, आंबा, वाडा पडले आहेत. पुढे ‘सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुंत’ आले की संस्कृतचे ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ शेजारी ठेवून पाहा. दात म्हणजे देन्स, षष्ठीत देन्तिस. अग्नी म्हणजे इग्निस. सात म्हणजे सेप्तेम. हा खेळ आमच्याकडे गाडीत चालतो आणि त्याला अभ्यास म्हणण्याची चूक मी करत नाही.

फक्त उच्चाराचा निर्णय शाळेकडून आधी विचारून घ्या, कारण लॅटिनचे दोन उच्चारसंप्रदाय शाळांमधून चालतात. चर्चच्या परंपरेत आकाशाला ‘चेलुम’ म्हणतात, प्राचीन रोमच्या अभ्यासाने ठरवलेल्या पद्धतीत ‘काइलुम’. वर लिहिलेले ‘पुएल्ले’ हे पहिल्या पद्धतीचे, दुसरीत ते ‘पुएल्लाय’ होईल. मी पहिल्या वर्षी कुठल्याशा ध्वनिफितीवरून दुसरी पद्धत घरी शिकवली आणि शाळेत पहिली चालत होती. बिचारी तीन आठवडे वर्गात सगळ्यांहून वेगळे म्हणत राहिली, आणि घरी येऊन काही बोललीही नाही. शिक्षकांकडून त्यांच्याच आवाजात दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मागा; माझ्या अनुभवात कोणीही नाही म्हटलेले नाही.

उच्चाराचा दुसरा सापळा इंग्रजीत आहे, आणि तिथे मात्र आपले मराठी कान आपल्याला फसवतात. या शाळांत शुद्धलेखन बहुधा फोनोग्रामवरून, म्हणजे ध्वनी दाखवणाऱ्या एकेका अक्षरावरून किंवा अक्षरगटावरून, शिकवतात. एका रूढ पद्धतीत असे 70 फोनोग्राम आहेत आणि प्रत्येकाचे सगळे ध्वनी मुलांना ओळीने म्हणता यावे लागतात. ‘ओ-यू-जी-एच’ या चार अक्षरांचे एकट्याचे सहा ध्वनी आहेत. मी श्रुतलेखन घालत असे आणि मुलगी पश्चिम दिशेसाठी असलेल्या शब्दाच्या जागी बंडीसाठी असलेला शब्द लिहीत असे, कारण डब्ल्यू आणि व्ही ही दोन्ही अक्षरे माझ्या तोंडी एकच ‘व’ होऊन बाहेर पडत होती. मी तिच्या वहीवर लाल खूण करत होतो, आणि चूक माझ्या ओठांची होती. तेव्हापासून आमच्याकडे फोनोग्रामची कार्डे मी नुसती दाखवतो, ध्वनी मुलांनी म्हणायचा. श्रुतलेखनाचे शब्द शाळेच्या ध्वनिमुद्रणावरून वाजतात. सुंदर वळणाच्या, एकमेकांना जोडून लिहायच्या इंग्रजी अक्षरांचा कित्ता गिरवण्याला मात्र माझी कसलीच मदत लागत नाही, तेवढा वेळ मी भाजी चिरून घेतो.

गणितात मी सर्वांत जास्त घोळ घातला. आमच्या शाळेत सिंगापूरच्या पद्धतीचे गणित आहे: आधी वस्तू हाताळायच्या, मग चित्र काढायचे, शेवटी अंक. 503 मधून 178 वजा करायचे होते. मी आपल्या सवयीने ‘शेजाऱ्याकडून हातचा घे’ म्हणालो. शेजारी शून्य, त्याच्याकडेच काही नाही, मग त्याच्या शेजाऱ्याकडून. असे खाडाखोडीचे पान झाले आणि शेवटी रडारड झाली. दुसऱ्या दिवशी मी पाच एक-डॉलरच्या नोटा आणि तीन सेंट टेबलावर ठेवले आणि दुकानदार होऊन एक डॉलर 78 सेंट मागितले. तिने क्षणभर पैशांकडे पाहिले, एक नोट माझ्याकडे सरकवली आणि दहा डाइम, म्हणजे दहा-दहा सेंटची नाणी, मागून घेतले. मग त्यातला एक डाइम देऊन दहा सेंट घेतले. आता तिच्यापुढे चार नोटा, नऊ डाइम आणि तेरा सेंट होते. आठ सेंट, सात डाइम, एक नोट मोजून दिली आणि तीन डॉलर 25 सेंट उरले. मी हातचा हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. शिक्षकांची रीत तुम्हाला लांबची वाटली तरी तीच चालू द्या. आपली रीत चुकीची नसते, पण आठ वर्षांच्या मुलीला एकाच उदाहरणासाठी दोन रिती एकाच आठवड्यात देणे हा तिच्यावर अन्याय आहे. पाढ्यांबाबत माझे मत जरा वेगळे आहे. शाळेचे इंग्रजी पाढे पक्के झाल्यावर ‘बे एके बे’ जरूर शिकवा, आधी नको. इंग्रजीत वीस आधी आणि एक नंतर येतो, आपल्या एकवीसमध्ये उलटे, आणि दोन्ही कच्चे असताना मुले हमखास गोंधळतात.

आता ऐकून घेण्याविषयी. घरच्या दिवशी बहुधा इतिहासाचा किंवा बायबलचा एक उतारा एकदाच वाचून दाखवायचा आणि मग पुस्तक मिटून मुलीने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा, असा धडा असतो. हा धडा दिसतो सोपा आणि पालकाला जातो सर्वांत कठीण, कारण मध्ये बोलायचे नसते. माझा मुलगा रोम्युलस आणि रीमस यांची गोष्ट सांगत होता. परंपरेने इसवी सनापूर्वी 753 हे रोमच्या स्थापनेचे वर्ष मानतात, ते त्याने सांगितलेच नाही. टायबर नदीचे नावही विसरला. पण लांडग्याच्या मादीने दोघांना दूध पाजले, आणि मोठे झाल्यावर एकाने दुसऱ्याच्या बुटक्या भिंतीवरून चिडवायला उडी मारली म्हणून मारामारी झाली, हे त्याने उभे राहून, उडी मारून सांगितले. पूर्वी मी नदीच्या नावाशी त्याला थांबवले असते आणि उडी हुकली असती. सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा, फार तर दोन. पहिली खेप मराठीत होऊ द्यायला हरकत नाही. मराठीत नीट सांगितलेली गोष्ट मुले इंग्रजीत सहज लिहितात, पण इंग्रजीत अडखळत सांगितलेली गोष्ट कुठल्याच भाषेत नीट उतरत नाही. लिहिताना वाक्याचा कर्ता, कर्म, क्रियापद ओळखायला सांगतात. ते तुमचे मराठी शाळेतले व्याकरण थेट कामास येईल.

बायबलच्या पाठांतराबाबत दोन व्यावहारिक गोष्टी. शाळेने कोणते इंग्रजी भाषांतर ठरवले आहे ते पाहून तेच घरी वापरा. शब्दाचा फरक पडला की वर्गात सुरात म्हणताना मूल अडते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र आमच्या घरी रात्री मराठीतच म्हटले जाते, आणि सकाळी शाळेच्या इंग्रजीत. वेळा वेगळ्या ठेवल्यामुळे मिसळत नाही. दुसरे, अशा बऱ्याच शाळा प्रॉटेस्टंट वळणाच्या असतात आणि 1647 मध्ये तयार झालेली, ख्रिस्ती शिकवणीची 107 प्रश्नांची वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावली मुलांकडून पाठ करून घेतात. तुमचे घराणे वसईकडचे किंवा गोव्याकडचे कॅथलिक असेल, तर काही उत्तरे तुमच्या चर्चच्या शिकवणीशी जुळणार नाहीत. ते आधी वाचून शाळेशी बोला. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीसमोर वाद घालण्याचा तो विषय नव्हे.

पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की आईने त्यांना साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकवले, आणि मन असे घडवले की पुढचे शिक्षण दुसऱ्याच्या फारशा मदतीशिवाय त्यांना स्वतःच करता आले. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत बायबल आणले. पाठांतर आधी आणि स्वतःचे शिक्षण नंतर, हा क्रम आपल्याला परका नाही, एवढ्यासाठी हे लिहिले.

वेळेचे म्हणाल तर आमच्याकडे पाठांतर सकाळी न्याहारीआधी वीस मिनिटे होते आणि जेवणाआधी सगळे आटोपते. तिसरीच्या मुलीला दुपारनंतर बसवावे लागत असेल तर काम जास्त आहे किंवा मध्ये कुठे तरी आपण व्याख्यान देत आहोत, बहुधा दुसरेच. शाळेने दिलेल्या कामाखेरीज जास्तीची सरावपुस्तके विकत आणू नका.

लेखी कामात तुमचा हात किती चालला तर चालेल, हेही पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगितले की चूक घरी पुसून काढू नका, वर्गात येऊ द्या, कुठे अडते ते मला दिसले पाहिजे. आणि मदत केलीच असेल तर पानाच्या कोपऱ्यात तसे लिहा. त्यामुळे मुलाच्या वहीत अजून अधूनमधून ‘बाबांच्या मदतीने’ असे त्याच्याच अक्षरात लिहिलेले असते, आणि गेल्या आठवड्यात एका उदाहरणाखाली त्याने ‘बाबांनी मदत केली तरी’ असे लिहून शिक्षिकेकडे पाठवले.